न मागितलेली कॉलर ट्यून

४ जून २००७
गडहिंग्लजची एस्टी साडेदहाला कोल्हापुरात टेकली आणि अकराला मी कामावर. लक्ष्मीपुरीत बाळासोंचं मोबाईलचं दुकान. रिचार्ज मारायचं, सिम विकायचं, झोपायला वरचा माळा. कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं, त्याचं आज तरी काही वाटत नाही. एक वाजता दीप्तीचा मिसकॉल आला. एकच रिंग. त्यात ठरलेलं सगळं येतं, मी हाय, वाट बघते. घरचा फोन तिचा भाऊ उदयसिंह सांभाळतो, त्यामुळं बोलणं नाही. तिच्याकडं माझा हा एवढाच नंबर.

६ जून
माझे तीस रुपये कापले. मेसेज आला, कॉलर ट्यून चालू केल्याबद्दल आभार. मी कुठं केली? भाजीवाल्या तानाबाईंचंही तसंच. काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, मागितलं न्हाय ते गळ्यात का मारताय? बाळासोंनी कंपनीकडं बोट दाखवलं. एक नंबरचा चिकट माणूस, चहासुद्धा अर्धाच पाजतो. ट्यून कसली लागलीय कुणास ठाऊक. आपली आपल्याला कधी ऐकू येत नाही, फोन करणाऱ्यालाच येते.

७ जून
झोप नाही. एकदा लिहूनच टाकतो. फेब्रुवारीत उदयसिंहनं मला स्टँडवर सगळ्यांदेखत मारलं. त्या रागात मी त्यांचा ऊस पेटवला. आत त्यांचा गडी गुंडू झोपला होता हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. विडीनं पेटलं असेल, म्हणाले सगळे. दीप्ती त्याला मामा म्हणायची. तेराव्याला मीही जेवून आलो.

९ जून
आज दीप्तीची रिंग चारदा वाजली. जीव लावते पोरगी.
संध्याकाळी आईचा फोन. विचारते, उचलायच्या आधी मोठ्यानं काय वाचत होतास रं, एस्टी साडेदहाला टेकली म्हणून? मी काहीच वाचत नव्हतो.

११ जून
बाळासोंनी दुकानाच्या लँडलाइनवरून माझा नंबर लावून बघितला. ऐकता ऐकता तोंड उतरलं. आवाज तुझाच हाय की, म्हणाले, मला चिकट म्हणतोस व्हय रं?
ही वही माझ्या उशाखाली असते. कुणाला दाखवलेली नाही.
बंद करायचा मेसेज सतरा वेळा पाठवला. कंपनीतली बाई म्हणते, तुमच्या नंबरवर कुठलीच सेवा चालू नाही.
ते सहा तारखेचं पान होतं. पुढचं सातचं.

१२ जून
सातचं पान फाडून जाळलं. बाळासो म्हणतात, सिम मोडून टाक. कसं मोडू — ती एक वाजता मिसकॉल करणार, नंबर बंद लागला तर तिला वाटेल मी —
ठरवलं, वाजला की लगेच उचलायचा. वाजला. बटण दाबलं. वाजतच राहिला. परत दाबलं, परत — शेवटपर्यंत वाजला.
ती ऐकत होती.

१३ जून
एक वाजला. दोन. काही नाही.

१४ जून
मिसकॉल नाही. बाळासो जेवायला गेलेत. लँडलाइनवरून मीच माझा नंबर लावलाय —
माझाच आवाज. म्हणतोय, चौदा जून. मिसकॉल नाही, बाळासो जेवायला —
तो पुढं चाललाय. मी फक्त उतरवून घेतोय —
दुकानासमोर जीप थांबली —
थांबली.
आधी दीप्ती उतरली, तिनं माझ्याकडं बोट —
उदयसिंह पायरी चढला. मी वहीवरून मान वर केली आणि