जावयाने पंपाला पाजलेलं तेल

सूर्यमाळ,
मे अखेर

साखरशेतचे व्याही पोशाजी यांस सूर्यमाळच्या सोमाचा हात जोडून रामराम.

तुम्ही सगळे सुखरूप असाल आणि विहीणबाई धोंडीबाईंचा गुडघा आता त्यांचं ऐकत असेल, अशी आशा. आम्ही इकडे ठीक. (ठीक म्हणजे जिवंत.) फोनच करणार होतो, पण रेंज मिळते ती टेकडीवरच्या खडकावर, आणि तिथे तुमचे चिरंजीवच बसलेले असतात. त्यांच्याबद्दल बोलायला त्यांनाच बाजूला सरका म्हणावं लागेल. तेव्हा हे पत्र.

तुमचा रूपेश, म्हणजे आमचे जावई, फार गुणी माणूस. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जागा मिळेल असं वाटत नाही. आमच्या मीनाला घेऊन पाहुणे म्हणून आले आणि दुसऱ्याच दिवशी मोखाड्याला कुठल्याशा शिबिराला गेले. (तिथे जेवण होतं.) परत आले ते निराळेच. म्हणाले, मामा, डिझेलच्या धुराने ऊन वाढतंय, आता पंप झाडाच्या तेलावर चालवायचा. झाड वाढताना हवेतून जेवढं घेतं, तेवढंच त्याचं तेल जळताना परत जातं. हिशेब शून्य. मला शून्य तेवढं कळलं.

आमच्या पाड्याचं इंजिन खालच्या विहिरीवर बंदच असतं, कारण डिझेलसाठी मोखाड्यापर्यंत जीप करावी लागते. मग बायका उतार उतरून हंडे वाहतात. रूपेशरावांना ते बघवेना. मन चांगलं, पण तेल कुठलं? तर मीनाच्या आईने, आमच्या गोदीने, मोहट्या म्हणजे मोहाच्या बिया वेचून, घाण्यावर गाळून आणलेलं, नव्या मोहट्या येईपर्यंत फोडणीला पुरवायचं तेल! ती लाकडाला रानात गेली होती. हे म्हणाले, "मामा, थोडंसंच लागेल." जावयाला नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

आता हे तेल पडलं दाट. ते चुलीवर तापवण्यात जळणाचा भारा गेला. थंड इंजिन त्यावर सुरू होईना, म्हणून जीपने जाऊन बाटलीभर डिझेल आणलं. (हे शून्यात धरायचं का, असं मी विचारलं. म्हणाले, ते शिबिरात सांगितलं नाही.) पण खोटं कशाला बोलू, इंजिन लागलं! वरच्या टाकीत पाणी पडू लागलं, बायका हंडे घेऊन धावल्या, मीना ज्याला त्याला "माझ्या नवऱ्याने केलं" म्हणून सांगत सुटली. आणि धुराला वास कसला, तर भजी तळल्याचा! पलीकडच्या पाड्यातून माणसं विचारत आली, लग्न कोणाचं? गोदीसुद्धा डोक्यावर मोळी घेऊन हसत आली. इंजिनाजवळ थांबली, वास घेतला, आणि मग तिला तेलाचा रिकामा डबा दिसला.

गोदी जावयाशी थेट बोलत नाही, रिवाज पाळते. माझ्याकडे बघून म्हणाली, "यांना विचारा, पंपाने तेल खाल्लं, आता आम्ही काय पाण्याची फोडणी द्यायची?"

रूपेशराव समजावू लागले, की पुढच्या वर्षी सगळ्या पाड्यांच्या मोहट्या पंपालाच द्यायच्या, आणि कमी पडल्या तर मागचं साग-ऐनाचं रान तोडून तिथे मोह लावायचे.

"यांना सांगा, ते मोह फळ धरेपर्यंत यांची नातवंडं तहानलेली बसतील."

तेवढ्यात इंजिन खोकलं आणि बसलं. जव्हारहून मंसूर मिस्त्रींना आणलं. त्यांनी ते उघडलं, आत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "सोमाभाई, हे इंजिन आहे का कढई?" असं म्हणाले आणि जेवायला थांबले. त्यांना उकडलेली भाजी वाढली. आम्हीही तीच खातो.

गोदी म्हणाली, या माणसाचं तोंड बघणार नाही. रूपेशराव मान खाली घालून जेवले. सकाळी उठून बघतो तर जावई कावड खांद्यावर घेऊन विहिरीकडे! आमच्याकडे पुरुष पाणी वाहत नाहीत, जावई तर नाहीच नाही. बायका दारादारांतून आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग आपापल्या नवऱ्याकडे. आता अख्ख्या पाड्याचे पुरुष कावडी वाहतात आणि माझ्याशी कोणी बोलत नाही. असे तुमचे चिरंजीव.

आपला,
सोमा

ता. क. वरचं वाचून मी त्यांना घेऊन जा म्हणतोय असं वाटेल. तेच लिहायला बसलो होतो. पण काल गोदीने पेटीतून लपवलेली तेलाची बाटली काढली, जिच्यातला थेंब भाजीला दिला नव्हता, आणि मीनाच्या हातात ठेवली. "यांचे खांदे सोललेत, चोळून दे." तेव्हा पाऊस पडेपर्यंत रूपेशरावांना कृपा करून बोलावू नका.

ता. क. आणखी एक. खांदे माझेही सोलले आहेत. मला कोणी विचारलेलं नाही. तुमच्याकडे मोहट्याचं तेल असेल तर एक बाटली पाठवा, पण ती माझ्याच हातात पडू द्या. गोदीला कळलं तर फोडणीत जाईल. आणि रूपेशरावांना तर अजिबात कळू देऊ नका, मंसूर मिस्त्रींनी इंजिन नीट करून दिलंय.