चिनी मातीचा हंस

धारूर, गुरुवार, रात्र

पाव्हणे गेले एकदाचे. कीर्तीला बघायला तेलगावची मंडळी आलती. लाडू मी सासूबाईंच्या चिनी मातीच्या हंसात ठेवलते. हंसाची पाठ म्हणजेच झाकण. मुलाच्या आईनं ते भांडं सरळ मांडीवर घेतलं आणि हंसाच्या मानेवर हात ठेवून बसली.

"लई देखणं हाय. लग्नात हे आमच्याकडंच येऊ द्या."

मी हसले.

"आणि बँकेतली नोकरी सोडावी लागंल. आमच्यात सुना बाहेर जात न्हाईत."

तरी मी हसतच होते. तिचा हात अजून त्या मानेवरच.

ते गेल्यावर कीर्तीनं विचारलं, "आई, तू कावून हसलीस?"

घाबरले होते का मी? ह्यांना म्हटलं, नकार कळवा. तर म्हणाले, "एवढं चांगलं स्थळ! लोक काय म्हणतील?"

शेवटी मीच फोन लावला. "आमचं जमणार न्हाई" एवढं नीट बोलले. पलीकडून फोन कट झाला. आता कुठं काय बोलत सुटतील, देव जाणे. हे जेवलेसुद्धा नाहीत.

कीर्ती आत उद्या बँकेत नेसायच्या साडीला इस्त्री करतीय.