पिठातली खूण

५ ऑगस्ट
भोरला रुजू झाले. वीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून चव्वेचाळिसाव्या वर्षी न्यायवैद्यक पथकात उमेदवारी. खोली हवेशीर, खिडकीतून नदी. आमचे मुख्य आनंदराव साहेब ब्रश हातात देत म्हणाले, घटनास्थळापासून कोर्टापर्यंत एक कडी तुटली की सगळं गेलं. मनापासून पटलं.

९ ऑगस्ट
हिर्डोशी. सात तारखेला ठकुबाईंचा कोयत्यानं खून. मुलगा धनाजी कोठडीत. आम्ही पोचेपर्यंत घर सारवून मोकळे. चिडचिड झाली. जीव गेला तिथं पीठ पसरून वर पाटी पालथी घातलेली. गेलेल्याची खूण उमटते म्हणे. भेगांत रक्त असेल म्हणून मी पीठ झाडून टाकलं. धनाजीची आत्या शांतपणे म्हणाली, “बाई, आमी अजून पायलं न्हवतं. आता तिनं खूण कुठं द्यायची?”
थांबायला हवं होतं का?
कोयत्याच्या मुठीवर मात्र परक्या अंगठ्याचा ठसा मिळाला. धनाजी सुटू शकतो.

१४ ऑगस्ट
कोयत्यावरच्या त्या ठशावर आज आडवा व्रण दिसतो. नऊ तारखेला नव्हता. ठकुबाईंच्या अंगठ्याला तसाच होता. शवविच्छेदनाच्या वेळचे त्यांचे ठसे ताडून पाहिले. जुळले. पुराव्याच्या पाकिटाचं सील शाबूत. नऊ तारखेचा फोटो बाहेर काढून पाहिला. त्यातही व्रण.
घरच्या कोयत्यावर घरच्या बाईचा ठसा असायचाच. मग धनाजीचं काय?

१९ ऑगस्ट
किकवीला घरफोडी. खिडकीवर तोच अंगठा. कामथडीला टेम्पोच्या काचेवर तोच. साहेब म्हणाले, ब्रश नीट धूत नसाल. नवा ब्रश, नवी पावडर. तोच.

२७ नोव्हेंबर
साक्षीचं समन्स. शपथेवर काय सांगू? ठसा बदलला म्हटलं तर वेडी ठरेन. नाही म्हटलं तर धनाजी—
कितीदा लिहिलं, कितीदा खोडलं.

४ डिसेंबर, कोर्टाबाहेर
मीच सुचवलं. माझ्याच हातून काही लागलं असेल तर माझाही अंगठा ताडून बघा. साहेब वैतागले, पण शाई मागवली. दाबला.
कागदावर व्रण. माझ्या अंगठ्याला व्रण नाही. नव्हता.
साहेबांनी भिंग खाली ठेवलं. वकिलांशी हळू बोलले. आत धनाजीला बसायला सांगितलं, पाणी दिलं.
मग साहेब माझ्याकडे आले. “मॅडम, सात तारखेला तुम्ही कुठे होता?”
खोलीवरच. नक्की खोलीवर. वहीत पाच तारखेनंतर थेट नऊ. सातबद्दल एक ओळ नाही, मग त्या दिवशी—
सकाळी चहा घेतला. मग बाहेर— मग हिर्डोशीच्या एसटीत मी