पायी गेलो भैरोबाला

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.२०
आजपासून रोजनिशी. कारण, भैरोबाचा डोंगर चढणार. घरापासून पायथा दोन किलोमीटर, वर आणखी चार. पायी, एकट्यानं, पाडव्याच्या आत.
पार्श्वभूमी लिहून ठेवतो. कारखान्याच्या टाइम ऑफिसातून रिटायर होऊन चौदा महिने झाले. इंदिरा दिवाळीनंतर पुण्याला मुलाकडं, अद्वयकडं गेली, नातीला, श्रियाला सांभाळायला म्हणून, आणि राहिलीच. काल फोनवर म्हणाली, तुमी त्या खुर्चीतनं उठत न्हाय, चार शब्द बोलत न्हाय, मी काय भिंतीशी संसार करू? एकदा भैरोबाला चालत जाऊन दाखवा, दुसऱ्या दिवशी येते.
ती आली काय, न आली काय, मला फरक पडत नाही. पण शब्द दिलाय.

१७ फेब्रुवारी
पाचला उठलो. शरीराला एकदम धक्का बरा नाही म्हणून परत झोपलो.

१९ फेब्रुवारी
बारामतीहून बूट आणले. दुकानदार म्हणाला, काका, वॉकिंगला का? म्हटलं, ट्रेकिंगला. घरात घालून टीव्ही बघितला. डावी टाच चावते. चार दिवस विश्रांती.

२ मार्च, रविवार
आज अभ्यास. फॉरेस्टचा गार्ड झुंबर येऊन गेला. इंदिराच्या माहेरचा, पणदऱ्याचा, तिच्या चुलत्याचा मुलगा. तो सांगत होता, वणवा पसरू नये म्हणून गवत जाळून रुंद पट्टा मोकळा ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. त्याच पट्ट्यावरून जीपचा रस्ता थेट माथ्यापर्यंत. झाड औषधालासुद्धा नाही. म्हणाला, दाजी, उजडायच्या आत निघा, नवाच्या पुढं तितं कावळा बी बसत न्हाय. मी म्हटलं, तीस वर्षं हजार माणसांच्या वेळा मी लावल्या, मला नको शिकवू.

१२ मार्च
शेजारच्या साखरबाई भाकरी देऊन गेल्या. भाऊजी, वैनी कधी येणार? म्हटलं, डोंगर झाला की. म्हणाल्या, मग अवघड हाय.
काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. भाकरी गार खाल्ली, तेसुद्धा जेवण झाल्यावर लक्षात आलं.

१५ मार्च
सराव. गच्चीचा जिना दहा वेळा, असं ठरलं. दोनदा झाला. दोनदा मन लावून केलेलं दहादा उरकल्यापेक्षा चांगलं.

२३ मार्च, रविवार. मोहीम
निघायची वेळ साडेपाच. निघालो १०.४०. मध्ये पोहे, पेपर, बूट. पाणी एक लिटर. पायथ्याला संपलं, ओझं कमी झालं.
१२.०५. पहिलं वळण. पाय आपले वाटत नाहीत, पण चालतायत.
१२.३५. दुसरं वळण. खाली काळी राख, वर ऊन. टोपी घरी. बसलो, निसर्ग बघायला.
१.१०. अजून निसर्ग.
संध्याकाळी ५, घरी. डोंगर सर केला. भैरोबाला नारळ फोडला, फोटो काढला. वरच्या टप्प्याची पाहणी फॉरेस्टच्या वाहनातून केली. झुंबरचा आग्रह, सरकारी माणसाला नाही कसं म्हणायचं? फोटोत वाहन येऊ दिलं नाही.
इंदिराला फोटो पाठवला. खाली एकच शब्द, पायी. तिचं लगेच उत्तर, उद्या येते. चार वेळा वाचलं, स्पेलिंग तपासायला.

२४ मार्च
आली. घरात फोडणीचा वास. जेवताना म्हणाली, कसं गेला ओ? सगळं सांगितलं. तिसरं वळण तर इतकं बारकाईनं सांगितलं की बास. काचेतून नीट दिसलं होतं.
दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२५ मार्च
फोटो ग्रुपवर टाकला होता. ज्येष्ठ नागरिक संघानं मारुतीच्या देवळात सत्कार ठेवला. संघाचे अध्यक्ष आप्पासाहेब, त्यांच्या हस्ते शाल, श्रीफळ. दोन शब्द बोला म्हणाले, पंचवीस मिनिटं बोललो. ओघात एक नाग घातला. इंदिरा बायकांत पुढंच बसली होती.
घरी आल्यावर म्हणाली, खरंच चालत गेला? म्हटलं, मग काय उडत? हसली नाही. पायाला तेल लावून दिलं.

२६ मार्च
भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, काय सांगायचं राहिलंय का? आठवून बघितलं. म्हटलं, हां, नाग दोन होते.

२७ मार्च
चारच्या एसटीनं इंदिरा पुण्याला. पाडवा तिकडंच करते म्हणाली. म्हटलं, श्रियाला बरं नाही का? म्हणाली, श्रिया ठणठणीत हाय. स्टँडपर्यंत पिशवी मी धरली. बायकांच्या मनाचा थांग लागत नाही.

२८ मार्च
झुंबर चहाला आला. आक्का गेली व्हय, म्हणाला आणि बशीत चहा ओतला. मग म्हणाला, दाजी, लई भ्यालो व्हतो त्या दिवशी. दुसऱ्या वळणावर आडवं पडला व्हता, डोळं पांढरं. तोंडावर पाणी मारलं तर उठून पयलं काय म्हणला, वर घे. तुमी देवळापुढं फोटो काढत व्हता तवा मी जीपमागं जाऊन आक्काला फोन लावला, समदं सांगितलं. रडली ओ. उद्याच निघते म्हणली.
फोन माझ्या फोटोच्या आधी. म्हणजे आली ती सगळं माहीत असून आली. आणि तीन दिवस रोज विचारत राहिली.
चहा तसाच राहिला.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली नाही. दुपारी इंदिराला फोन केला. म्हटलं, दुसऱ्या वळणापर्यंतच चाललो. पुढं जीप. नाग वगैरे काही नव्हतं.
ती म्हणाली, व्हय.
मग म्हणाली, हे घरात बोलला असता तर झुंबरला सांगून जीपनंच जोडीनं गेलो असतो की वर. मला काय डोंगर चढायचा व्हता?
म्हटलं, बरं. अजून काय? म्हणाली, तुमीच सांगा.
तुझ्याशिवाय घर खायला उठतं, हे सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण बरं बरं म्हणत फोन मीच ठेवून दिला.