आशाच्या गिटारीतली सळई

बजाजनगर, वाळूज
बुधवार

तीर्थरूप रामकिसन दाजींच्या पायांवर पुंजारामाचं डोकं.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. तुमची तब्येत कशी आहे? हातपाय, गुडघे, मणके सगळं वेगवेगळं कळवावं. सोमवारी इथून फटफटी घेऊन निघालात ते कन्नडला नीट पोचलात ना? (सहज विचारतोय. मेव्हण्यानं नाही विचारायचं तर कुणी?)

शनिवारी आशाचं कॉलेजात गॅदरिंग आहे आणि तिला गिटार वाजवायची आहे. तुम्ही "असली थेरं आपल्या घराण्यात नाय" म्हणून मोकळे झालात. पण पोरगी शिकायला माझ्याकडं राहते, तेव्हा मामा या नात्यानं मीच घरी गिटार करायला घेतली. सोळा वर्षं कंपनीत फिटर आहे. गिटार म्हणजे तरी काय, लाकूड आणि नट. मदतीला पडेगावचे जब्बारभाई सुतार होते. त्यांनी उभ्या आयुष्यात पलंग आणि चौकटीच केल्या, त्यामुळे गिटारीवर एक माणूस आरामात झोपू शकतो.

सहा तारा चढवल्या आणि तिसऱ्या दिवशी दांडी वाकली. जब्बारभाई म्हणाले, "अंदर लोहा डालो, पुंजारामभाई. लकडी अकेली कित्ता सहेगी?" मग दांडीवरची पट्टी उकलून आत खाच पाडली, तिच्यात आटे पाडलेली सळई बसवली आणि पट्टी सरसानं पुन्हा चिकटवली. टोकाचा नट आवळला की दांडी सरळ होते. जब्बारभाईंनी पाव आटा सांगितला होता. पण नट कुरकुरल्याशिवाय तो आवळला असं आम्ही फिटर मानत नाही. मी दोन आटे दिले. दांडी उलटी वाकली आणि आशा जेवलीच नाही. तिचं रडणं बघून मला स्वतःची लाज वाटली, दाजी. शेवटी जब्बारभाईंनी माझ्या हातातला पाना काढून घेतला, नट सैल केला, पाव आटा दिला आणि दांडी सुतात आली. काल आशा वाजवत होती तेव्हा शेजारच्या सरूबाईंनी चालू भांडण अर्धवट सोडलं.

तर शनिवारी ताईला घेऊन या आणि लेकीचं कौतुक करा. मात्र यष्टीनं या.

आपला,
पुंजाराम

ता. क. : सळई बाजारात मिळाली नाही, म्हणजे मी बाजारात गेलोच नाही. तुमची फटफटी सर्व्हिसिंगसाठी माझ्या दारातच उभी होती. तिच्या मागच्या ब्रेकची सळई मापाला तंतोतंत, आटे पाडलेली, नटासकट. तिथं दुहेरी तार बांधून दिली आहे. सपाट रस्त्याला तार पुरते, घाटाचं सांगता येत नाही. तेव्हा हात जोडतो, घाट उतरून चाळीसगावला जाऊ नका.

आणखी एक : सळई परत मागू नका. काढायची तर दांडी फोडावी लागेल, आणि तसं आशाला तुम्हीच सांगा.

शेवटचं : घाट उतरून घरी आल्यावर हे पत्र हाती पडलं असेल, तर ब्रेकवाचून तुमचं काही अडत नाही हे सिद्धच झालं. मग रागवायचं कशाला?