शेळीने खाल्लेलं व्हेनिस

मु. चुडावा,
जानेवारी १९५७

सप्तसमुद्रगामी, बोटीवरच्या साहेबलोकांना वरण-भात शिजवून घालणारे आणि पत्रलेखनाविषयी पूर्ण विरक्त झालेले श्रीमान रायभानराव यांस, चुडाव्याच्या शाळेतल्या भुजंग मास्तराचा रामराम. इकडे सर्व खुशाल. तिकडची खुशाली विचारायची रीत आहे, पण दोन वर्षं तू ती कळवत नाहीस म्हणून मीच ती ठरवून गावाला सांगत असतो. सध्या तुझी तब्येत उत्तम आहे, वजन थोडं वाढलं आहे आणि गेल्या महिन्यात तू इस्तंबूलला होतास. तुला माहीत असावं म्हणून कळवलं.

हे असं का झालं ते सांगतो. बोटीवर चढल्यावर पहिल्या वर्षात तू तीन चित्रांची कार्डं धाडलीस. मिसरचे पिरॅमिड, जिनिव्हाचं तळं (तिथं बोट कशी पोचली ते तुलाच ठाऊक) आणि व्हेनिस. तुझ्या मायनं, केवळाबाईनं, तिन्हींना हळदकुंकू लावून, बेल वाहून ती देव्हाऱ्यात ठेवली. त्याआधी मी ती पारावर वाचली होती. (जगातल्या थोर स्थळांना आमच्या पारावर पास व्हावं लागतं, हे तू विसरला नसशील.) व्हेनिसात रस्त्याच्या जागी पाणी असतं, लोक नावेतून किराणा आणतात हे ऐकून आश्रुबा म्हणाला, "मंग त्यात काय मास्तर? आखाडात आमची गल्ली बी तशीच ऱ्हाती. आमाला कुनी पाहायला येत न्हाई, येवढंच." पिरॅमिड पारूबाईला पटले नाहीत. "मेल्यावर येवढं घर, अन् जित्यापनी?" जिनिव्हाचं निळं पाणी सगळ्यांना आवडलं, पण त्यात एकही म्हैस दिसेना, तेव्हा मुलूख गरीब असावा असं ठरलं.

पिरॅमिड आणि तळं मायनं मानवतहून काच बसवून आणून भिंतीला टांगलं. व्हेनिस मात्र राहिलं, कारण बेलाच्या मागे लागून शेळी देव्हाऱ्यात शिरली आणि बेलाबरोबर इटलीचा एक कोपराही खाऊन गेली.

पुढे तुझी कार्डं बंद झाली. मी तुझ्या बोटीच्या मुंबईच्या कचेरीला लिहिलं, तर "सदर इसम बोटीवर हजर आहे" एवढंच उत्तर आलं. माय दर बाजाराच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर येऊन बसायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. काही विचारायची नाही, नुसती बसायची. विचारलं असतं तर मी काहीतरी फटकळ बोलून सुटलो असतो. शेवटी बायकोला दाखवतो म्हणून व्हेनिस घरी आणलं, कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं आणि पुढच्या महिन्यात "रायभानचं नवं कार्ड आलं" म्हणून तिच्या हातात दिलं. ते पॅरिस होतं. (व्हेनिस माझ्या सासुरवाडीनं ठेवून घेतलं, असं सांगितलं. सासुरवाडीच्या नावावर काहीही खपतं.) मग पॅरिस शाळातपासनिसांना दाखवायला नेलं, ते नेपल्स होऊन परत आलं. असा तुझा प्रवास चालू आहे. पॅरिसचा मनोरा म्हणजे आपल्या सिग्नलच्या खांबाचा थोरला भाऊ. इस्तंबूल मी पाहिलेलं नाही, हैदराबाद एकदा पाहिलंय, तेव्हा चारमिनार उचलून तिकडे नेऊन बसवला. नेपल्सचा डोंगर धूर सोडतो, अगदी पूर्ण्याच्या इंजिनशेडसारखा, असं मी रंगवून सांगितलं, तर माय म्हणाली, "मंग तिथं कोळसा कोन टाकायलाय? आपला रायभान तर न्हाई?" मी मोठ्यानं हसलो. घरी येईपर्यंत ते हसू पुरलं नाही.

लेका, उतारूंनी टाकलेली तिकिटं गोळा करून आपण स्टेशनामागच्या स्लीपरच्या ढिगावर बसायचो, आठवतं? (ती इकडे येण्याची असत, आपण उलटी धरून तिकडे जायचो.) एकदा माझ्याकडे मनमाड होतं. तू मला मूठभर भाजल्या शेंगा दिल्यास आणि मनमाड घेतलंस. मी तेव्हाच फसलो. तू खरोखरच मनमाडच्या पुढे गेलास. माझ्या शेंगा तिथेच संपल्या.

असो. मास्तराला उपदेशाचा पगार मिळतो, तो इथे फुकट वाया घालवत नाही.

तुझा,
भुजंग

ता. क. : एक खरं कार्ड धाड. कुठलंही चालेल. शाळेच्या नकाशातला युरोप संपत आला आहे.

आणखी ता. क. : हे पत्र बंद करत होतो, तेवढ्यात माय आली. "रायभानला लिवायलास का?" म्हणाली. मी हो म्हटलं. तिनं पिशवीतून इस्तंबूल काढलं आणि खाल्लेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "भुजंगा, आमच्या शेळीनं दर गावाचा त्योच कोपरा कसा खाल्ला रं?" मी लेखणीचं टोपण शोधू लागलो. "ऱ्हाऊ दे. तू सांगतूस लय ग्वाड, म्हनून मी ऐकत ऱ्हायले. आता ह्ये त्याला धाड. म्हनावं, माघारी आनून दे, पन टपालानं न्हाई, हातानं. समदी टेसनं पाहून झाली आसतील तर चुडाव्याला बी गाडी थांबती म्हनावं. दोनच मिन्टं, पन थांबती."

कार्ड सोबत जोडलं आहे.