आकृती बारामधला धागा

४ जानेवारी १९८५, शुक्रवार

धागा आहे! तीनदा पाहिला. भिंग बदललं, काच पुसली, डोळ्यांवर पाणी मारून आले — तरी आहे.

तोंडी परीक्षा अठ्ठावीसला. परीक्षकांना दाखवायला एक स्वच्छ स्लाइड असावी म्हणून जुन्या बाटलीत उरलेल्यांतला एक तुकडा आज रंगवला. माझाच हायड्रॉइड, समुद्रातला झाडासारखा दिसणारा प्राणी, प्रबंधातली आकृती बारा. पिसासारखी वसाहत, मधे दांडा, दोन्ही बाजूंना फांद्या, फांद्यांवर ओळीनं पेले, एकेका पेल्यात एकेक तोंड. आणि दांड्यावर वळ्यावळ्यांच्या कुप्या — पुढची पिढी तयार होते त्या. या कुळात असल्या कुप्यांची नोंद कुठंच नाही, म्हणूनच तर ही जात नवी ठरली!

आज रंग चढल्यावर दिसलं, कुप्या दांड्यातून फुटलेल्याच नाहीत. दांड्यावरून एक बारीक धागा सरपटत वर गेलाय आणि कुप्या त्या धाग्याच्या आहेत. धाग्याच्या टोकाला देठावर घंटेसारखा एक पेला. म्हणजे तो वेगळ्याच कुळातला. एका प्राण्याच्या अंगावर दुसरा चढलेला, आणि मी दोघांचा मिळून एक काढला.

स्लाइड रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. चोरी केल्यासारखी.

५ जानेवारी

कदाचित तो एकच तुकडा तसा असेल. असू दे तसा.

७ जानेवारी, सोमवार

पाच तुकडे रंगवले. पाचही तसेच.

मालवणचे एक मास्तर आमच्या गाइडना, तात्यासाहेब सरांना, एसटी पार्सलनं बाटल्या पाठवतात. नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये पडलं की सगळं एकाच रंगाचं होतं, भुरकट. ओल्या खडकावर दोन्ही जिवंत पाहिले असते तर शाळेतल्या पोरालाही ते वेगळे दिसले असते. पण मी समुद्र पाहिलेलाच नाही! चार वर्षं हायड्रॉइडचं वर्गीकरण करतेय आणि पाणी म्हणाल तर जायकवाडीचं. विद्यापीठाची सहल निघाली तेव्हा घरून एकच निरोप आला, पोरीनं एवढ्या लांब जायचं नाही.

या जातीवरचा शोधनिबंध सरांच्या एकट्याच्या नावानं छापून आला, आकृत्या माझ्या. त्यांनी जातीला माझं नाव दिलं. सरू — शेवटी लॅटिन शेपूट लावून ‘सरूए’. छापलेलं नाव शास्त्रात पुसलं जात नाही. चूक निघाली तर ते चुकांच्या यादीत बसतं, शेजारी लेखकाचं नाव आणि साल. म्हणजे मी मेल्यावरही! आणि माझ्यापेक्षा सरांचं जास्त. मार्चमध्ये ते निवृत्त होतायत.

जेवण जात नाही.

९ जानेवारी

परीक्षकांचं पत्र आलं, मद्रासहून. सरांनी माझ्यासमोर वाचलं. “‘सरूए’चा मूळ नमुना काढून ठेवावा, स्वतः पाहायची फार इच्छा आहे.”

सर म्हणाले, “ठीक आहे.” एवढंच. चष्मा पुसत बसले. मला म्हणायचं होतं, सर, एक मिनिट. पत्र घेऊन फाइलला लावलं. सर कधी ओरडत नाहीत, तरी मला त्यांची भीती वाटते. पहिल्या वर्षी एक आकृती अकरा वेळा काढायला लावली होती.

बाहेर प्रयोगशाळेचे कडूबामामा भेटले. “बाई, तोंड का उतरलंय? इम्तिहानचं भ्या वाटायलं का? अवो, तुमच्या नावाचा किडा हाय दरियात, तुम्हाला कोण फेल करतंय?”

किडा नाही हो मामा, म्हणाले. नेहमीसारखं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

१४ जानेवारी, संक्रांत. गावी

पैठणच्या एसटीत उभ्यानं आले. माय म्हणाली, “वाळलीस गं.” तिनं भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला, मी निम्मी ठेवून उठले.

बानं यंदाही तो कागद काढला! निबंधाची प्रत. तिळगुळाला येईल त्याला दाखवतोय. इंग्रजी राहू दे, त्याला मराठीसुद्धा वाचता येत नाही, पण माझं नाव कुठल्या ओळीत आहे तिथं बरोबर बोट ठेवतो. “ह्ये बघा, आमच्या सरीचं नाव. समुद्रात जीव हाय तिच्या नावाचा.” मेंढरं राखता राखता पाय झिजलेला माणूस. कुणीतरी विचारलं, कामाचा हाय का तो जीव? बा म्हणाला, “सगळं कामाचंच लागतंय व्हय रं तुला?”

नंतर मला हळूच विचारलं, “सरे, खातं काय गं त्ये?” मी सांगितलं, पाण्यातले बारीक जीव पकडतं, डंख मारून. तो लई खूष झाला.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात हाच बा मला न्यायला विद्यापीठात आला होता. सुपारी फुटायची होती. सरांनी त्याला खुर्ची दिली आणि टाइप केलेलं पान दाखवलं, हे तुमच्या मुलीचं नाव. बा एकटाच परत गेला आणि पाहुण्यांना थांबा म्हणाला. अजून थांबवलंय त्यांना. मी नापास झाले, त्यात नावही खोटं निघालं, तर बा कुणाकुणाला तोंड देईल? आणि मग मला इथून कोण जाऊ देणार आहे!

१६ जानेवारी

सरांच्या दारापर्यंत गेले. आत सर एकटेच होते. तरी परत आले. भित्री, भित्री, भित्री.

१८ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी अकराला गेले. स्लाइड पुढं ठेवली. सर सूक्ष्मदर्शकाकडं वळले नाहीत. स्लाइड नुसती उजेडात धरली आणि खाली ठेवली.

म्हणाले, “धागा ना?”

मी मान हलवली.

“तुझे वडील येऊन गेल्यावर महिन्याभरानं मला दिसला. निबंध तेव्हा छपाईला गेलेला होता. तार केली असती तर थांबला असता. तार लिहिलीसुद्धा. पण मग तुझ्या वडिलांना काय सांगणार होतो? आठ दिवसांत तुझं लग्न लागलं असतं.”

मी विचारलं, सर, आता? ते म्हणाले, “परीक्षकांना दुसरी स्लाइड दाखवू. कुप्या नसलेली. कुप्या गळाल्या म्हणू. सरू, बोलू नकोस.”

ही आज्ञा नव्हती. ते उठले आणि दार नीट लागलंय का ते पाहून आले. ज्या माणसाला मी चार वर्षं घाबरले, तो मला घाबरत होता!

पाया पडावं की भांडावं कळेना. उठून आले.

१९ जानेवारी

दिवसभर डोकं भणभणतंय. चूक मी केली होती, खोटं त्यांनी केलं. आणि माझं इथलं राहणं, शिकणं, सगळं त्या खोट्यावर! मला कुणी विचारलं होतं का, असं वाचवू का म्हणून? पण त्या दिवशी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते — हो. हात जोडून हो म्हणाले असते. स्वतःचाच संताप येतो.

नाही बोलले तर? परीक्षक ‘सरूए’ आपल्या यादीत घेतील, कुप्यांच्या जोरावर कुळाची मांडणी बदलतील, पोरं ते पाठ करतील. बोलले तर सरांची तीस वर्षं मातीत. निवृत्तीला दोन महिने राहिलेत. दोन्हीकडून भीतीच.

२० जानेवारी, रविवार

बाला कार्ड टाकलं. पोस्टमन वाचून दाखवील. “बा, त्यो एक जीव नव्हता, दोन होते. माझीच बघण्यात चूक झाली. कागद आता कुणाला दाखवू नको. परीक्षा पुढं जाईल, मला न्यायला येऊ नको.”

शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला होता. तरी लिहिलं.

२१ जानेवारी, सोमवार

परीक्षकांना आणि कुलसचिवांना पत्र दिलं, रजिस्टर पोस्टानं. चार पानं. धागा, कुप्या, नवी आकृती, सहाही स्लाइडचे नंबर. सगळं खरं लिहिलं, एक वाक्य सोडून — “ज्या तुकड्यात धागा दिसतो, तो तुकडा मी सरांना कधीच दाखवला नाही.”